तोटीचं व्याख्यान

आवारातल्या कुणीही कसलीही तक्रार सांगितली, की काका मान तिरकी करून ती पुरती ऐकून घेत आणि मग म्हणत, "वॉशर गेला असेल." नळ ठिबकत असला तर हे ठीकच. पण ग्रंथपालबाईंनी एकदा आपल्याला झोप येत नसल्याचं सांगितलं, तेव्हाही काकांच्या तोंडून तेच निघालं. बाई आधी रागावल्या, मग हसल्या, आणि घरी जाऊन न्हाणीघरातला नळ दुरुस्त करून घेतल्यावर त्यांना खरोखरच झोप लागायला लागली. तेव्हापासून विद्यापीठाच्या या प्लंबरचं नाव वॉशरकाका पडलं ते पडलंच. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथं ते सुखात होतं.

काकांनी जगाकडून फारसं काही मागितलं नाही. एवढंच, की नळ हळू बंद करावा. विद्यार्थी असो की प्राध्यापक, कुणी नळ झटक्यात बंद केला की काका जिथं असतील तिथून येत आणि म्हणत, "अहो, नळ आहे तो. दार नव्हे आपटायला." एकदा दीक्षान्त समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांनाही त्यांनी हे ऐकवलं होतं. पाहुणे झग्यासकट ओशाळले.

आणि नळ आपटल्याची शिक्षा सर्वांत जास्त कुणी भोगत असेल तर ती गणित विभागाच्या मोठ्या व्याख्यानगृहानं. तिथल्या फळ्यामागच्या भिंतीतून एक जुना पाइप वर जातो. भिंतीच्या पोटात त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या कधीच्याच ढिल्या झालेल्या. वरच्या मजल्यावर कुणी नळ झटक्यात बंद केला की धावतं पाणी एकदम अडतं, पाइपाला धक्का बसतो आणि खाली भिंतीतून आवाज येतो: ठक्, ठक्, ठक्. सभ्य माणसानं दारावर टकटक करावी इतका रीतसर. प्राध्यापक नवा असला की खडू थांबवून दाराकडे वळतो आणि म्हणतो, "आत या." दार जागचं हलत नाही. वर्ग लोटपोट होतो.

होता होता विभागात ही रीतच पडली. नेमणुकीचा हुकूम कधीही निघो, भिंतीला 'आत या' म्हटल्याशिवाय माणूस विभागाचा धरला जात नसे. मुरलेले प्राध्यापक तर फळ्याकडे तोंड असतानाच, हात न थांबवता 'आत या' म्हणत आणि पुढच्या ओळीला लागत.

काकांना मात्र ती भिंत म्हणजे पायात मोडलेला काटा. दुरुस्त करायची तर फळा उतरवून भिंत फोडायला हवी. भिंत फोडायची परवानगी मागितली की कार्यालय विचारी, "पाणी येतंय ना?"

येत होतं.

"मग?"

काका अर्जाची घडी करून परत फिरत.

काकांना एकच मुलगी. पाळण्यात असताना ती इतकी रडायची, की काका म्हणाले, "हिची तोटी काही बंद होत नाही." बायको म्हणाली, "पोटच्या पोरीला नळ म्हणता? शोभतं का?" पण नाव चिकटलं, आणि तोटी ती तोटीच राहिली. बायको तेव्हा शिवणाच्या कारखान्यात दुपारपाळीला जायची, त्यामुळे शाळा सुटली की पोरगी थेट बापाकडे. गणिताच्या इमारतीत जिन्याखाली पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आहे. त्याच्या शेजारच्या पायरीवर बसून तोटी अभ्यास करायची आणि करता करता बापाचं डोकं खायची. पाणी वर कसं चढतं? अडवलं की कुठं जातं? त्याला राग येतो का? काकांना येत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. येईनासं झालं तेव्हा म्हणाले, "आता तुझ्या बाईंना विचार."

इथंच घात झाला. पोरगी विचारायला जी निघाली ती आधी शाळेतल्या बाईंना, मग याच इमारतीतल्या प्राध्यापकांना, आणि मग समुद्रापलीकडच्या कुणाकुणाला विचारत इतकी लांब गेली, की आता लोक तिलाच विचारायला येत होते. ती मोठी गणितज्ञ झाली. मोठी म्हणजे किती, हे काकांना ठाऊक नव्हतं. पण विभागप्रमुख जिन्यात भेटले की आता आधी नमस्कार करत, त्यावरून थोडा अंदाज येई.

फोन यायचा. आधी तो आईकडे जायचा, आणि आई बोलायला लागली म्हणजे टाकीचा तळ दिसेपर्यंत थांबायची नाही. शेजारणीचं बाळंतपण, स्वतःचा गुडघा, आपल्या धाकट्या भावाचं लग्न जमत कसं नाही, सगळं सांगून झालं की गरम झालेला फोन काकांच्या हातात यायचा. "घ्या. बोला लेकीशी."

"जेवलीस का?" काका विचारत.

"हो बाबा. तुम्ही?"

"हो."

"बरं."

"बरं."

 फोन ठेवल्यावर काका कितीतरी वेळ तो हातात धरून बसत. तिला काहीतरी विचारावं असं त्यांना फार वाटे. पण काय विचारणार? विचारायला आधी थोडं तरी ठाऊक असावं लागतं. ती काय करते, कशाशी झटते, कशानं तिला झोप येत नाही, यातलं काहीच त्यांना माहीत नव्हतं. रिकाम्या टाकीचा नळ उघडून उपयोग काय? नुसती हवा फुसफुसते.

आणि अशात एके दिवशी गणित विभागाच्या शिपायानं त्यांना हाताला धरून सूचनाफलकापाशी नेलं.

"वाचा काका. आपल्या ताई येतायत. व्याख्यान द्यायला."

फलकावर लिहिलं होतं: 'चुंबकीय द्रवगतिकी : न तुटणाऱ्या रेषा.' खाली तोटीचं नाव, आणि नावापुढं पदव्यांची आगगाडी.

"म्हणजे काय रे?" काकांनी विचारलं.

"आता मला काय विचारता? द्रव म्हणजे पाणी, एवढं कळलं. ताईंनी घराण्याचा धंदा सोडलेला नाही, हे नक्की."

काकांनी तिथंच मनाशी ठरवलं. व्याख्यान ऐकायचं. सगळं कळायला नको. एक गोष्ट कळली तरी पुरे. ती धरून तिला एक प्रश्न विचारायचा, नीट, बापानं विचारावा असा. एक प्रश्न असला की पुढची कितीतरी वर्षं फोनवर 'बरं'च्या पुढं जाता येईल.

तयारी म्हणून त्यांनी मेहुण्याला विचारलं. मेहुणा औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा आणि त्यामुळे निम्मा डॉक्टर होता.

"सोपं आहे भाऊजी," मेहुणा म्हणाला. "रक्त म्हणजे द्रव. रक्तात लोह. लोहाला ओढतो चुंबक. भाची सांधेदुखीवर काम करते."

"तिनं तसं कधी सांगितलं नाही."

"मोठी माणसं सांगत नसतात."

एवढं बोलून न थांबता त्यानं बहिणीच्या गुडघ्याला बांधायला एक चुंबकाचा पट्टा आणून दिला. गुडघा होता तसाच राहिला. पण शिवताना हरवलेल्या टाचण्या मात्र त्या आठवड्यात सगळ्या सापडल्या.

तोटी एका दिवसापुरती आली. सकाळी घरी, दुपारी व्याख्यान, रात्री कुलगुरूंकडे जेवण आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. घरची सकाळ आईनं व्यापली. लेकीच्या केसांपासून चपलांपर्यंत सगळ्यांची विचारपूस झाली. काका स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभे होते. पोरगी वाळली होती. कानाजवळ एक पांढरा केस दिसत होता. आईच्या ते लक्षात आलं नसावं, नाहीतर त्याच्यावर वेगळं बोलणं झालं असतं.

आई पाणी आणायला वळली. तेवढीच फट सापडली. तोटीनं मान वर करून बापाकडे पाहिलं. काका घाईघाईनं पुढं झाले आणि म्हणाले, "जेवलीस का?"

समोर ताट होतं. हातात घास होता.

"अहो, डोळे फुटले का?" आई आतून ओरडली. "जेवतेच आहे ती!"

तोटी हसली. मग म्हणाली, "बाबा, दुपारी याल ना?"

"बघतो," काका म्हणाले. "तशी त्या बाजूला एका बेसिनची तक्रार आहे."

बेसिनची तक्रार नव्हती. दुपारी काका धुतलेला शर्ट घालून निघाले. पाना मात्र सवयीनं खिशात. व्याख्यानगृहात खुर्च्या लागत होत्या, आणि फळ्याकडे पाहताच काका दारातच थबकले. भिंत! बाहेरगावचे पाहुणे, कुलगुरू, इतर विभागांतले लोक. पोरगी रंगात येईल, आणि नेमका वर कुणीतरी गाढव नळ आपटेल. ठक् ठक् ठक्. सभा हसेल. कुणाच्या पाइपामुळे? बापाच्या.

काका जिन्याखाली गेले, इकडंतिकडं पाहिलं आणि मुख्य व्हॉल्व्हचं चाक फिरवून आख्ख्या इमारतीचं पाणी बंद केलं. व्याख्यान संपत आलं की हळूच येऊन उघडायचं. चहाच्या आत. कुणाला कळणारही नाही.

मग ते सर्वांत मागच्या बाकावर, दाराजवळ जाऊन बसले. विभागप्रमुखांनी पाहुणीची ओळख करून देताना पदव्या संपवल्या आणि म्हणाले, "आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, या आपल्या वॉशरकाकांच्या कन्या!" सगळ्या माना मागं वळल्या. काकांनी छताकडे बघायला सुरुवात केली, जणू तिथं ओल आली आहे.

तोटी उभी राहिली. घरात होती तेवढीच, पण फळ्यापुढं उंच दिसत होती. सुरुवातीला तिनं जी चिन्हं लिहिली ती काकांनी नुसती पाहिली. मोत्यासारखं अक्षर. मग तिनं खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "आता चिन्हं विसरा. असा एक द्रव डोळ्यांपुढं आणा, ज्यातून वीज वाहते. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड आहे. सूर्यात तापलेला वायू आहे. त्यात चुंबकाच्या रेषा आहेत. धागे समजा. द्रव जिकडं वाहतो तिकडं हे धागे त्याच्याबरोबर जातात. द्रव लांब गेला तर धागा ताणला जातो. तुटत नाही. आणि जितका ताणावा तितका त्याचा ओढा वाढतो."

तिनं फळ्याच्या डाव्या टोकाला एक ठिपका काढला आणि तिथून रेघ ओढत निघाली. फळा संपला. ती शेजारच्या फळ्यावर गेली. तोही संपला. रेघेच्या शेवटी ती खडू टेकवून उभी राहिली, आणि काकांनी बाहीनं डोळे पुसले. शिपायानं वळून पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "खडूची धूळ."

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. बोलता बोलता तोटी मध्येच थांबली. मान तिरकी केली. भिंतीकडे बघत राहिली.   विसरली! पोरगी पुढचं विसरली. शाळेत कविता म्हणतानाही अशीच मान करायची. मग ती किंचित हसली, पुन्हा फळ्याकडे वळली आणि गाडी चालू झाली. पण पुढंही दोनतीनदा ती तशीच थांबली, आणि प्रत्येक वेळी काका बाकाची कड घट्ट धरून बसले. या सगळ्यात व्हॉल्व्ह डोक्यातून साफ गेला.

प्रश्नांची वेळ आली. विभागात एक निवृत्त सर होते. ते प्रत्येक व्याख्यानाला येत, झोपत, आणि प्रश्नांच्या वेळी बरोबर जागे होऊन एक प्रश्न विचारत. त्यांनी विचारलं, "या रेषा कधीच तुटत नाहीत?"

"आदर्श द्रवात नाही तुटत, सर," तोटी म्हणाली. "पण खरा द्रव आदर्श नसतो. कुठंतरी थोडा विरोध असतोच. तिथं तुटतात. पण तुटून लोंबकळत नाहीत, दुसऱ्या तुटलेल्या रेषेला जाऊन जोडल्या जातात."

जोड! काका ताठ बसले. इतका वेळ तोंडओळखही नसलेल्या गर्दीत एकदम घरचं माणूस भेटावं तसं झालं. त्यांचा हात वर जायला लागला. खांद्यापर्यंत गेला. तोटीनं पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले.

"काका!" शिपाई दारातून कुजबुजला, आणि ते कुजबुजणं निम्म्या सभेनं ऐकलं. "इमारतीत पाण्याचा टिपूस नाही! चहा खोळंबलाय. आणि कुलगुरू हात धुवायला गेलेले, ते साबण लावून उभे आहेत!"

हात खाली आला. काका उठले आणि बाहेर गेले. मागं टाळ्या सुरू झाल्याचं त्यांना जिन्यापर्यंत ऐकू आलं.

व्हॉल्व्ह उघडायला घाई करून चालत नाही. रिकाम्या पाइपांत हवा भरलेली असते. चाक थोडं फिरवायचं, हवा निघू द्यायची, पुन्हा थोडं. काका ओणवे होऊन चाक फिरवत होते आणि स्वतःला यथेच्छ शिव्या घालत होते. इतक्या दिवसांची तयारी, एक प्रश्न, आणि तोही नळात गेला. आता चहा, मग कुलगुरू, मग विमान. मग पुन्हा 'जेवलीस का'.

मागं पायरीवर कुणीतरी बसल्याचा आवाज झाला.

"बाबा, हवा निघाली का?"

काकांनी वळून पाहिलं. "तोटे, तू इथं कशाला? तिकडं लोक..."

"लोक चहाची वाट बघतायत. प्रमुख म्हणाले, पाणी कुठं गेलं कळत नाही. मी म्हटलं, मला माहितीये कुठं ते." तिनं गुडघे पोटाशी घेतले. पायरी तिला आता लहान पडत होती. "तुमचा हात वर होता."

"छे. खांदा आखडला होता."

"बाबा."

"बरं. होता."

"काय विचारायचं होतं?"

काकांच्या डोक्यातला सगळा साठा त्या क्षणी वाहून गेला. उरलं ते एवढंच. "तो तुझा द्रव," ते म्हणाले, "गरम लाइनचा की गार?"

तोटी हसली नाही. हनुवटी गुडघ्यावर टेकवून, लहानपणी बसायची तशी, म्हणाली, "गरम. भयंकर गरम."

"मग रबरी वॉशर चालायचा नाही."

"कुठलाच चालत नाही. भांडंसुद्धा टिकत नाही, वितळतं. म्हणून प्रयोगशाळेत तो चुंबकानं धरायचा असतो. अधांतरी. कशालाही न टेकवता."

"आणि राहतो?"

"नाही ना राहत! गळतो. कुठून तरी वाट काढतो. का गळतो, कुठून गळतो, तेच मी गेली कित्येक वर्षं शोधतेय."

काकांचा चाकावरचा हात थांबला. "म्हणजे तू गळती काढतेस?"

"हो."

"आणि हे इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मला वाटलं, मला काय कळणार."

"मला वाटलं, तुम्हाला ऐकायचं नसतं. 'जेवलीस का' विचारता आणि लगेच 'बरं' म्हणता."

"'बरं' तू आधी म्हणतेस!"

"तुम्ही म्हणता!"

यावर दोघांचं थोडं भांडण झालं. बऱ्याच वर्षांनी झाल्यामुळे ते दोघांनाही गोड लागलं. पाइपातून हवा फुसकन बाहेर पडली आणि काकांनी चाक आणखी थोडं फिरवलं.

"आज भिंत का वाजली नाही?" तोटीनं विचारलं.

"वाजू दिली नाही. पाणीच बंद केलं. म्हटलं, तुझ्या भाषणात माझा पाइप मध्ये बोलायला नको."

तोटीनं हनुवटी गुडघ्यावरून उचलली. मग म्हणाली, "आणि मी अर्धं व्याख्यान त्या भिंतीला कान लावून दिलं."

"म्हणून थांबत होतीस?"

"मग काय! इथं शिकत होते तेव्हा भिंत वाजली की मी मनात म्हणायचे, आता बाबा येणार. आणि यायचात. जिन्यावर पावलं, आणि मग वरून तुमचा आवाज, 'दार नव्हे आपटायला!' आख्खा वर्ग हसायचा. मी सगळ्यांत जास्त." ती व्हॉल्व्हकडे बघत होती. "तिकडच्या भिंती फार शहाण्या आहेत, बाबा. काही वाजत नाही. म्हणून कुणी येतही नाही."

 काकांनी चाक फडक्यानं पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"मी ठरवून आले होते," तोटी म्हणाली, "आज भिंत वाजली की 'आत या' म्हणायचं. इथं शिकले, पण शिकवलं कधी नाही. म्हणायची वेळच आली नाही. एकदा म्हटलं असतं तर इथली तरी धरली गेले असते."

"ताई!" शिपायाची हाक आली. "फोटो! सगळे उभे राहिलेत!"

ती उठली. जाताना तिनं बापाच्या खांद्यावर हात टेकला, उठायला आधार घ्यावा तसा, पण उठून झाल्यावर.

काकांनी चाक पुरतं उघडलं आणि वर गेले, कारण वर काय झालं असेल हे त्यांना न बघता कळत होतं. पाणी गेलं की माणसं नळ उघडून बघतात आणि उघडेच टाकून जातात. वरच्या मजल्यावर सगळे नळ धो धो वाहत होते, फरशीवर तळं साचलं होतं. कुलगुरूंची सुटका होऊन ते खाली गेलेले, साबण तेवढा बेसिनमध्ये पडलेला. काका एकेक नळ हळू, मान राखून बंद करत गेले. शेवटच्या नळापाशी हात थांबला.

हा नळही ते हळूच बंद करणार होते. जन्मभर जगाला तेच सांगत आले होते. पण खाली फळ्यापुढं ती उभी असेल, आणि उद्या नसेल.

काकांनी डोळे मिटले आणि नळ आपटला.

ठक्, ठक्, ठक्.

क्षणभर काहीच नाही. मग खालून, मजल्यातून, भिंतीतून, पोरीचा आवाज आला. खणखणीत, पाळण्यात रडायची तसा.

"आत या!"

पाठोपाठ सभेचं हसू. काका जिना उतरले. दम लागला होता. व्याख्यानगृहाचं दार त्यांनी ढकललं, आणि हसू थांबलं. फोटोसाठी उभे असलेले सगळे दाराकडे बघत होते. विभागाच्या आजवरच्या इतिहासात 'आत या' म्हटल्यावर खरोखर कुणी आत आल्याचा हा पहिलाच प्रसंग.

"या वॉशरकाका," विभागप्रमुख म्हणाले. "मध्ये उभे राहा."

तो फोटो विभागात लावला आहे. मध्ये तोटी, शेजारी काका, गुडघ्यापर्यंत भिजलेले, हातात पाना. उजवीकडे कुलगुरू. त्यांच्या मनगटाला थोडा फेस दिसतो.

पहाटे तोटी गेली. फोन अजूनही आधी आईकडेच जातो, पण आई हल्ली कुरकुरते, की बापलेकीचं संपत नाही. "जेवलीस का?" काका विचारतात. "हो," ती म्हणते. "गळती?" "अजून सापडली नाही." "जोडापाशी बघ." "जोडच नाहीये बाबा त्याला." "असतो गं. बघ." मग ती सांगत राहते, काका मान तिरकी करून ऐकत राहतात, आणि त्यातलं पुष्कळसं त्यांना कळत नाही. फोन ठेवला की खोली पूर्वीपेक्षा जास्त रिकामी वाटते. पूर्वी काय उणं आहे ते ठाऊक नव्हतं, आता ते ठाऊक झालं आहे.

मध्यंतरी कार्यालयानं स्वतःहून कळवलं, की भिंत फोडायला मंजुरी मिळाली आहे, केव्हा सुरू करताय? काकांनी विचारलं, "पाणी येतंय ना?"

"येतंय."

"मग?" काका म्हणाले.

संध्याकाळी काम आटोपलं की ते कधीकधी रिकाम्या व्याख्यानगृहात मागच्या बाकावर येऊन बसतात. वर कुणीतरी नळ आपटतं. पूर्वी अशा वेळी ते ताडकन उठून वर जात. आता बसून राहतात. भिंत ठक् ठक् ठक् वाजते. काका दाराकडे बघतात आणि हलकेच म्हणतात, "ये गं."

परवा झाडूवाल्या मावशी तिथंच होत्या. त्यांनी विचारलं, "कुणाला बोलावता काका?"

"कुणाला नाही," काका म्हणाले. "वरचा वॉशर गेला असेल."